पंचेचाळीस मिनिटांचा जंजिरा

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटण्याआधीच नावाडी बजावून ठेवतो, किल्ल्यात पंचेचाळीस मिनिटं. त्यानंतर होडी कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे महादरवाजाच्या पायऱ्यांना होडी लागली रे लागली, की सगळे धावत सुटतात आणि गाईड त्यांच्या पुढे धावतो. बावीस एकर, बावीस बुरूज, बावीस वर्षं बांधकाम. बुरुजांचा आकडा तुम्ही शोधायला गेलात तर १९, २२ आणि २६, तिन्ही छापलेले सापडतात. पण बावीस लक्षात राहतो आणि पंचेचाळीस मिनिटांत बसतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही ऑफिसमधले सात जण गेलो होतो. आमच्याच होडीत पुण्याच्या कॉलेजातली चार पोरं होती. त्यातला एक सुदानचा. उंच, शांत, गळ्यात कॅमेरा. दरवाजाजवळच्या शिल्पापाशी (वाघासारखा प्राणी, पंज्यांत आणि शेपटीत पकडलेले हत्ती) गाईड थांबला आणि म्हणाला, ‘‘सिद्दी म्हणजे हबशी. आफ्रिकेतून आलेले. आता कसे दिसत असतील सांगा?’’ मग त्यानं एक पॉज घेतला, त्या पोराकडे बोट केलं आणि म्हणाला, ‘‘असे!’’

सगळे हसले. मीही हसलो. तो पोरगाही हसला. आता आठवतं ते त्याचंच हसणं.

त्या रात्री घरी वाशीमला फोन केला. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. मी कुठं कुठं फिरतो त्याचा हिशेब ते अजून तिकिटासारखा ठेवतात.

‘‘काय पाह्यलं?’’

‘‘जंजिरा.’’

‘‘थो त महाराजाइले बी नाई भेटला न?’’

‘‘हो बाबा. अजिंक्य होता तो. कोणालाच नाही मिळाला.’’

‘‘मंग त्याले पाडलं कोनं?’’

मी म्हणालो, नेटवर्क जातंय, उद्या करतो. नेटवर्क चांगलं होतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापासून आम्ही पाच मित्र मिळून किल्ल्यांचं एक ॲप बनवतोय. साइड प्रोजेक्ट. कधी पूर्ण होईल असं वाटत नाही. त्यातल्या मुख्य टेबलात आम्ही तीन कॉलम मोठ्या आत्मविश्वासानं टाकले होते : कोणी बांधला, कोणी जिंकला, कधी जिंकला. तिन्ही कंपल्सरी. साडेतीनशे किल्ले भरून झाले आणि जंजिऱ्याची ओळ अडकली. ‘कोणी जिंकला’ रिकामं ठेवलं की एरर यायचा. शेवटी एकानं वैतागून ‘कोणीही नाही’ असं टाइप केलं, एरर गेला, आम्ही पुढे गेलो. बाबांच्या प्रश्नानंतर ती ओळ मी पुन्हा उघडली आणि पाहत बसलो. साडेतीनशे किल्ल्यांना आम्ही विचारलेला प्रश्न एकच होता, मॅच कोण जिंकलं?

माझं म्हणणं सरळ आहे. ‘अजिंक्य जंजिरा’ हे दोन शब्द माझ्या पिढीनं इतके वापरलेत, की त्या किल्ल्याचा इतिहास त्यांच्याखाली गाडला गेलाय. रील काढणाऱ्यांनी वापरले, ट्रेकच्या पोस्टरवर छापले, यूट्यूबवरच्या ड्रोनवाल्यांनी पार्श्वसंगीतासकट वाजवले. एकाला त्यात ‘महाराजांनाही न मिळालेला’ म्हणून हळहळ वाटते, दुसऱ्याला रहस्य वाटतं, तिसऱ्याला तोफेवर बसून फोटो काढायचा असतो. साडेचारशेहून जास्त वर्षं तिथं माणसं राहिली, भांडली, नोकऱ्या केल्या, पळून गेली, पुरली गेली, ते कुणाच्याच फ्रेममध्ये येत नाही.

आणि मुळात तो शब्द खोटा आहे.

जंजिरा पहिल्यांदा घेतला गेला तो कोळ्यांकडून. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजपुरीच्या कोळ्यांचा पुढारी राम पाटील यानं चाच्यांपासून बचावासाठी बेटावर लाकडी मेढेकोट उभा केला होता. निजामशाहीच्या अंमलदाराला तो जुमानेना. मग पिरमखान नावाचा सरदार व्यापाऱ्याच्या वेशात आला, गलबतात दारूची पिंपं आहेत असं सांगून त्यानं बेटावर मुक्काम मागितला, कोळ्यांना दारू पाजली आणि पिंपांतून सैनिक बाहेर काढले, अशी गोष्ट परंपरेनं सांगितली जाते. गोष्ट किती खरी ते बाजूला ठेवू. कोळ्यांचं बेट गेलं हे खरं. पुढे १५६७ नंतरच्या काही वर्षांत बुऱ्हाणखानानं तिथं दगडी कोट बांधला. ‘जंजिरा’ हा शब्दही अरबी ‘जझीरा’वरून आला आहे, म्हणजे नुसतं ‘बेट’. अल जझीरा वाहिनीतला तोच जझीरा.

दुसऱ्यांदा किल्ला आतून गेला. १६७०-७१ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी इतका दाब आणला होता, की किल्ल्याचा प्रमुख फत्तेखान तो द्यायला तयार झाला. तेव्हा सिद्दी संबल, सिद्दी कासम आणि सिद्दी खैर्यत या तिघांनी फत्तेखानालाच कैद केलं आणि औरंगजेबाच्या पदरी जाऊन मुघल आरमाराची सनद मिळवली. ‘याकूतखान’ हा किताब तेव्हापासूनचा.

तिसऱ्यांदा तो कागदावर गेला, आणि हे मला शाळेत कुणीही सांगितलं नव्हतं. अठराव्या शतकाच्या शेवटी गादीच्या भांडणात हरलेला सिद्दी बाळूमिया पुण्याला आला आणि त्यानं जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला. बदल्यात १७९१ मध्ये त्याला सुरतेजवळ सचीनची जहागीर मिळाली. ते सचीन संस्थान १९४८ पर्यंत चाललं. म्हणजे करारानुसार जंजिरा पेशव्यांचा झाला होता, फक्त त्यात बसलेल्यांनी तो करार मानला नाही. आमच्या कॉलममध्ये हे कसं भरायचं सांगा.

मग मराठ्यांना तो घेता का आला नाही? ‘अजिंक्य’ म्हटलं की हा प्रश्नच संपतो, आणि हाच तर इंजिनिअरला पडायला हवा असा प्रश्न आहे. तट थेट पाण्यातून उठतो, पाय टेकायला किनारा नाही. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, त्यामुळे तहानेनं मारता येत नाही. पण वेढा फक्त भिंतीला पडत नसतो. सिद्दीचे पैसे मुघलांच्या सुरतेहून येत होते. पावसाळा आला की सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मुंबईत, माझगावला आसरा घ्यायचं. इंग्रज कुरकुरायचे, पण मुघलांना नाही म्हणायची छाती नव्हती. (याच याकूतखानानं पुढे १६८९ मध्ये मुंबईवर उतरून माझगाव उद्ध्वस्त केलं.) महाराजांनी समोर कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला, मोरोपंतांनी १६७६ मध्ये तटाला शिड्या लावायचा बेत केला. लाय पाटील नावाच्या कोळ्यानं रात्रीच्या अंधारात शिड्या नेऊन लावल्याची आठवण त्या किनाऱ्यावर आजही सांगतात. संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली. ती अर्ध्यावर सोडावी लागली, कारण मुघल फौज कल्याणवर उतरली. शिडी, वाट, समोरासमोर किल्ला, सगळं करून झालं होतं. सुरतेचा पैसा आणि मुंबईचं बंदर तोडल्याशिवाय ते बेट पडणार नव्हतं, आणि ते तोडणं म्हणजे दिल्लीशी आणि इंग्रजांशी एकदम लढणं. महाराजांचं अपयश म्हणून तुम्ही जे कुजबुजत सांगता, ते नीट पाहिलं तर त्या काळच्या समुद्री राजकारणाचा सगळ्यात चांगला धडा आहे.

आता ‘परके’ या शब्दाकडे येतो, कारण त्या दिवशी होडीत आम्ही ज्यावर हसलो त्याचं मूळ तिथं आहे.

मी वाशीमचा. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं ज्यानं कोरून घेतलं तो वराहदेव इथल्या हरिषेण राजाचा मंत्री. हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो आणि पाहुणे विचारतात, ‘‘दाखवा ना मग.’’ दाखवायला काही नाही. बालाजीचं देऊळ आहे ते अठराव्या शतकातलं. वाकाटकांचा राजवाडा, तट, बुरूज, काही म्हणजे काही नाही. विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, त्यावरून आम्हाला आमचीच राजधानी कळली. एका पडक्या भिंतीसाठी आम्ही काय दिलं असतं! त्यामुळे अख्खा किल्ला उभा असताना लोक त्याच्याकडे स्कोअरबोर्ड म्हणून पाहतात, तेव्हा मला जरा जास्तच राग येतो. त्यात माझा थोडा मत्सर आहे, कबूल.

पण वाशीम आणि जंजिरा एकमेकांपासून वाटतात तितके लांब नाहीत. १५७४ मध्ये निजामशाहीनं वऱ्हाडची इमादशाही जिंकली आणि १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं. मधली बावीस वर्षं (हा माझा बावीस) वाशीम आणि जंजिरा एकाच सरकारात होते. आमच्याकडचा वसूल आणि त्यांच्याकडचं जहाज यांचा मालक अहमदनगरला बसत होता.

आणि हा मालक कोण? फिरिश्ता लिहितो, की निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरचा. पाथरी म्हणजे आज परभणी जिल्हा. वाशीमहून हिंगोली, परभणी करत एसटीनं गेलात तर एका दिवसात जाऊन परत येता येतं. त्या पाथरीसाठी निजामशाही आणि इमादशाही सोळाव्या शतकात भांडत राहिल्या, कारण पूर्वजांचं गाव परत हवं होतं. आणि इमादशाहीचा संस्थापक? तोही विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला कानडी पोरगा. म्हणजे दख्खनच्या दोन ‘शाह्या’ आपल्याच आसपासच्या धर्मांतरित पोरांनी उभ्या केल्या, आणि त्यांच्या चाकरीत हबशी आले. गुलाम म्हणून विकले गेलेले, मग सैनिक, मग सरदार.

मलिक अंबर त्यातलाच. इथिओपियात जन्मला, बाजारात एकाहून अधिक वेळा विकला गेला, निजामशाहीच्या ज्या पेशव्यानं त्याला शेवटी विकत घेतलं तो चंगेजखानही हबशीच. पुढे अंबरनं मुघलांना एक पिढीभर दख्खनच्या दाराशी अडवलं, खडकी शहर वसवलं, तिथं नहरीनं पाणी आणलं. आज त्या शहराचं नाव काय असावं यावर आपण भांडतो, ते पहिल्यांदा एका गुलामानं वसवलं हे कुणाच्याच बाजूनं येत नाही. १६२४ मध्ये भातवडीला त्याच्या बाजूनं लढणाऱ्यांत शहाजीराजे होते. त्यांच्या भावाचा, शरीफजींचा, तिथंच मृत्यू झाला. ‘सिद्दी’ हा शब्द आपण जातीसारखा वापरतो, तो मुळात ‘माझे धनी’ अशा अर्थाचा आदराचा शब्द.

पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना पाठ आहे. त्याच १६६० सालात पन्हाळ्याचा वेढा फोडायला महाराजांच्या बाजूनं नेतोजी पालकरांबरोबर जो गेला, तोही सिद्दीच होता, सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा त्या लढाईत जखमी होऊन पकडला गेला. हे नाव तुमच्या पोस्टरवर का नाही? मराठ्यांच्या आरमारात मायनाक भंडाऱ्याबरोबर दौलतखान होता. जंजिऱ्याच्या लढाईला धर्माच्या रकान्यात बसवायचं तर अर्धी माणसं चुकीच्या बाजूला सापडतात.

आता मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे. गेल्या काही वर्षांत जंजिऱ्यावर एक वेगळी लाट आली आहे, ‘भारतातले आफ्रिकी राजे’ वगैरे. परदेशी प्रदर्शनं, चकचकीत लेख, गुलामांनी सिंहासन मिळवलं म्हणून टाळ्या. वाचताना बरं वाटतं, पण त्यात किनाऱ्यावरची गावं कुठं आहेत? सिद्दीच्या आरमारानं ती लुटली, माणसं पकडून नेली. जे स्वतः विकले गेले होते त्यांच्या वारसांनी इतरांना विकलं. चिटणीस घराण्यात सांगितलं जातं, की आवजी हरी चित्रे हे सिद्दीचे कारभारी. सिद्दीची मर्जी फिरली, त्यांना मारलं गेलं, आणि बायको-मुलांना गुलाम म्हणून विकायला गलबतावर घातलं. राजापूरला त्या बाईनं युक्तीनं सुटका करून घेतली. तिचा एक मुलगा बाळाजी, शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. श्रीवर्धनचे देशमुख भट यांनाही सिद्दीच्या जाचानं मुलूख सोडावा लागला. त्यांच्यातल्या बाळाजी विश्वनाथांनी पुढे साताऱ्याला पेशवेपद मिळवलं. १७२७ मध्ये सिद्दी सातानं परशुरामाच्या देवळावर हात टाकला आणि १७३६ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्याच मुलानं, चिमाजी आप्पानं, रेवसजवळ त्याला मारलं.

हे सगळं एकत्र वाचलं की माझ्या डोक्यात एकच चित्र येतं. स्वराज्याचा पत्रव्यवहार ज्यानं लिहिला तो आणि मराठी राज्य ज्यांनी अटकेपर्यंत नेलं ते घराणं, दोघंही सिद्दीच्या मुलखातून पळालेले निर्वासित. जंजिरा मराठ्यांच्या इतिहासाच्या बाहेर उभा असलेला शत्रूचा किल्ला म्हणून शिकवला जातो. मराठ्यांच्या इतिहासातली निम्मी माणसं त्याच्या दारातून बाहेर पडलेली आहेत. शत्रू होता, जबर शत्रू होता, क्रूर होता. पण तो घरातला होता. भाऊबंदकीतला शत्रू आणि परग्रहावरचा शत्रू यांत फरक असतो. आपल्या गावात बांधावरून डोकी फोडणारे पिढ्यानपिढ्या शेजारी राहतात, त्यांना आपण परके म्हणत नाही.

या घराचा कायदाही मजेशीर होता. गादी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. आरमारातल्या सरदारांत जो वरचढ, त्याला इतर मान्यता देत. अठराव्या शतकात ही रीत मोडत गेली, भाऊ भावाचा खून करू लागला, आणि पुढे इंग्रजांच्या सावलीत ते नेहमीसारखं वंशपरंपरागत नवाबी संस्थान झालं. अकरा तोफांची सलामी, मुरूडला डोंगरावर राजवाडा, काठेवाडात जाफराबाद. समुद्रावर कुणाशी लढायचं उरलं नाही, तेव्हा बेटावरच्या किल्ल्याचं कामच संपलं. जानेवारी १९४८ मध्ये नाना पुरोहितांच्या पुढाकारानं संस्थानातल्या लोकांनीच उठाव करून म्हसळा, श्रीवर्धन घेतलं. नवाबानं विलीनीकरण मान्य केलं. किल्ल्यावर तोफ डागावी लागली नाही.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्याला कोणीच पाडलं नाही. लोक उठून गेले.

हे उत्तर नीट कळलं ते दुसऱ्या खेपेला. गेल्या डिसेंबरात मी एकटाच गेलो, मधल्या वारी, गर्दी नसताना. आधी खोकरीला गेलो. राजपुरीपासून जवळच तिथं सिद्दींच्या तीन दगडी कबरी आहेत, घुमटाच्या, जाळीदार. मोठी आहे ती सिद्दी सुरूलखानाची. खैर्यत आणि याकूतखान शेजारी. फत्तेखानाला कैद करणाऱ्यांपैकी दोघांची नावं मी पुस्तकात वाचली होती, इथं त्यांच्या कबरींसमोर उभा होतो. तासभर होतो, दुसरं कोणी आलं नाही. पहिल्या खेपेला आम्ही सात जण याच वेळेत सुरमईच्या थाळीसाठी रांगेत होतो.

मग होडी. योगायोगानं तोच गाईड. त्याला मी आठवत नव्हतो. बावीस एकरापासून सुरुवात झाली, शिल्पापाशी थांबला. या वेळी बोट दाखवायला कोणी नव्हतं, तर तो जोक त्यानं गाळला. हे शिल्प पाहून मला आमच्याकडचा गाविलगड आठवला, चिखलदऱ्याजवळचा. त्याच्याही दरवाजावर हत्ती पकडणारा गंडभेरुंड आहे. दख्खनच्या दोन टोकांना, डोंगरात आणि समुद्रात, दगडावर बोलली गेलेली एकच भाषा. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘असेल,’’ आणि तोफेकडे निघाला.

मी विचारलं, ‘‘इथं लोक कुठं राहायचे?’’

तो थांबला. म्हणाला, ‘‘हे कोण विचारत नाय.’’ मग त्यानं तोफेची वाट सोडली आणि तलावाच्या वरच्या अंगाला झाडीत शिरला. छपरं नसलेल्या भिंती. एका भिंतीत दिव्याचा कोनाडा. ‘‘माझी आजी इथली. इथंच जन्मली. संस्थान गेलं, मग एकेक घर उतरलं. जाताना कौलं, वासे, दारं सगळं होडीतून खाली नेलं. राजपुरीत आमच्या घराला अजून किल्ल्याचा एक दरवाजा आहे.’’

मी विचारलं, मग हे लोकांना का सांगत नाही? बावीस-बावीस का सांगता?

‘‘ऐकतो कोण?’’ तो म्हणाला. ‘‘लोकांना विचारायचं असतं भुयार कुठंय, तोफ किती टनाची, महाराजांना का नाय मिळाला. पंचेचाळीस मिन्टं असतात, भाऊ. आजीचं सांगत बसलो तर होडी जाईल.’’

मग मी त्याला त्या सुदानच्या पोराबद्दल विचारलं. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, असा असा उंच पोरगा. असे खूप येतात, म्हणाला. नंतर जरा वेळानं स्वतःहूनच म्हणाला, ‘‘आमच्यात पण काहींचे केस तसेच आहेत. माझ्या मामाचे होते.’’ आणि हसला. पहिल्या खेपेला सुदानचा तो पोरगा हसला होता, तसंच.

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला बसलो आणि हा लेख झाला. आपल्या शेजारी, गुजरात-कर्नाटकात, सिद्दी समाज आजही आहे. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले, २०२३ मध्ये गुजरातच्या हिराबाई लोबींना पद्मश्री मिळाली. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडलं. आणि पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या पोरांना खोली देताना घरमालक काय विचारतात हे माझ्या पिढीला चांगलं माहीत आहे, कारण शेजारची खोली आपली असते. आपल्या किनाऱ्यावर ज्यांनी राज्य केलं, ज्यांच्याशी आपण पिढ्यानपिढ्या लढलो, ज्यांच्या कबरी आपल्या जमिनीत आहेत, ते ‘असे दिसायचे’ म्हणून होडीभर लोकांना हसवता येतं, यासाठी ‘अजिंक्य’ या शब्दानं मोठी मदत केली आहे. कारण अजिंक्य गोष्टीत माणसं राहत नसतात.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या ॲपमधला ‘कोणी जिंकला’ हा कॉलम काढून टाकायची सूचना टाकली. त्याजागी एक नवं टेबल : कोण राहिलं, कधीपासून कधीपर्यंत, का गेलं. एका किल्ल्याला हव्या तितक्या ओळी. चौघांपैकी दोघं हो म्हणाले. एकानं लिहिलं, यूजर हे वाचणार नाही. चौथ्यानं अजून पाहिलेलं नाही, दोन महिने झाले. दरम्यान मी जंजिऱ्याच्या ओळी भरतोय. राजपुरीचे कोळी, निजामशाहीचे अंमलदार, हबशी सरदार, चित्रे, श्रीवर्धनचे भट. गाईडच्या आजीची ओळ भरायला तारीख नव्हती, म्हणून त्याला फोन केला.

‘‘तारीख?’’ तो म्हणाला. ‘‘थांबा, घरी विचारतो.’’ मागे समुद्राचा आवाज येत होता आणि कोणीतरी त्याला हाका मारत होतं, होडी भरली म्हणून.